दात आवळले, पण मोजायचे काय? : जबड्याच्या बळाचा तीन शतकांचा शोध (थ्रेड)

कानशिलावर दोन बोटे ठेवून दात घट्ट आवळले, की बोटांखाली काहीतरी टणक होते. तो टेम्पोरॅलिस स्नायू. गालाच्या मागच्या बाजूस फुगतो तो मॅसेटर. घास चावताना, राग गिळताना, झोपेत दात खाताना हेच स्नायू राबतात. ते किती राबतात, हे कळायला मात्र तीन शतके लागली.

आरंभ सतराव्या शतकातील इटलीत झाला. नेपल्समध्ये १६०८ साली जन्मलेला ज्योव्हानी आल्फोन्सो बोरेल्ली हा मुळात गणितज्ञ. सजीवांचे शरीर म्हणजे तरफांचे यंत्र, ही त्याची धारणा. त्याने दाढांवरून दोरी घेतली, तिला वजने टांगली आणि जबडा ती कितपत उचलतो हे पाहिले. त्याच्या नावावर सुमारे २०० किलोचा आकडा सांगितला जातो. सर्वसामान्य जबड्यासाठी तो आज फारच मोठा वाटतो. हे संशोधन ग्रंथरूपाने १६८०-८१ मध्ये रोममध्ये छापले गेले, तेव्हा बोरेल्ली हयात नव्हता.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी दातांत धरायचे दाबमापक यंत्र वापरले आणि सरासरी १७१ पौंडांचा आकडा दिला. दोरी जाऊन यंत्र आले, तरी प्रश्न तोच राहिला. वजन म्हणजे अंतिम फळ. कोणत्या स्नायूने कोणत्या क्षणी किती वाटा उचलला, हे त्यातून उमगत नाही.

उत्तर विजेत होते. १७९१ मध्ये गॅल्व्हानीने बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांतून प्राणिज विजेचा सिद्धांत मांडला. १८४० च्या दशकात बर्लिनचा एमिल द्यु ब्वा-रेमों याने माणसाच्या आकुंचन पावणाऱ्या स्नायूतील वीज गॅल्व्हानोमीटरवर दाखवली. त्वचा त्या क्षीण प्रवाहाला अडवते हे ध्यानी येताच त्याने स्वतःच्या हातांवर फोड आणून तेथील कातडी काढली आणि प्रयोग पुन्हा केला. काटा कितीतरी अधिक हलला. आज इलेक्ट्रोड लावण्यापूर्वी गालावर स्पिरिटचा बोळा फिरवतात तो याच अडथळ्यापायी. सुदैवाने आता तेवढ्यावर भागते.

जबड्यापर्यंत ही विद्या पोहोचली ती १९४९ मध्ये. रॉबर्ट मॉयर्स या अमेरिकन दंततज्ज्ञाने, वरचे दात पुढे आलेल्या रुग्णांच्या जबड्याच्या स्नायूंचे विद्युत् आलेख प्रसिद्ध केले. हेच मॉयर्स दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमधील प्रतिकार चळवळीसोबत राहिले होते! दातांची ठेवण बिघडली, की स्नायूंच्या कामाची घडीही बदलते, हे त्यांच्या आलेखांतून प्रथमच डोळ्यांना दिसले.

इथून उत्साहाला उधाण आले. १९७० च्या दशकात घरी वापरता येणारी यंत्रे निघाली आणि दात खाणाऱ्यांच्या रात्री नोंदवल्या जाऊ लागल्या. काही दंतवैद्य तर आलेख पाहूनच जबड्याच्या दुखण्याचे निदान करू लागले. १९८९ मध्ये लुंड आणि विडमर यांनी उपलब्ध पुरावा तपासला आणि अशा निदानाला तो पुरेसा आधार देत नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यांचा आक्षेप रास्तच होता. कारण मायक्रोव्होल्ट म्हणजे किलो नव्हे. इलेक्ट्रोड थोडा सरकला, गालावर चरबी अधिक असली, तरी आकडा बदलतो. म्हणून दोन माणसांचे नुसते आकडे शेजारी ठेवून एकाचा स्नायू रोगी ठरवता येत नाही. आणि चुकीच्या निदानावर धडधाकट दात कानसले गेले, तर ते परत येत नाहीत.

यावर तोड म्हणून प्रत्येकाला आधी पूर्ण ताकदीने दात आवळायला सांगतात. तो त्याचा १०० टक्के. बाकी सारे त्या तुलनेत. परंतु ज्याचा जबडा ठणकतो, तो वेदनेच्या भीतीने पूर्ण जोर लावीतच नाही. म्हणजे जिथे मापाची सर्वाधिक गरज, तिथेच मोजपट्टी आखूड पडते.

झोपेच्या प्रयोगशाळांनी आणखी एक धक्का दिला. चर्वणस्नायूंची लयबद्ध हालचाल दात न खाणाऱ्या निरोगी झोपाळूंपैकीही सुमारे ६० टक्के जणांत आढळली. त्यामुळे हालचाल आहे की नाही, एवढ्यावर आता निवाडा होत नाही. दर तासाला असे किती झटके येतात, ते मोजतात. त्यासाठी गालावर इलेक्ट्रोड चिकटवून, दिवे मालवण्यापूर्वी रुग्णाला आजही एकदा सांगितले जाते, दात घट्ट आवळा.