बोटांना कळते, मनाला नाही: गॉर्डन लोगन यांचे संशोधन

रोज झरझर टाइप करणाऱ्या माणसाला इंग्रजी की-बोर्डचा कोरा आराखडा देऊन अक्षरे भरायला सांगितली तर? अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन लोगन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६ पैकी सरासरी सुमारे १५ अक्षरेच योग्य जागी पडली. बोटांना मात्र प्रत्येक अक्षराची जागा ठाऊक असते.

त्याआधीचा, २०१० चा प्रयोग तर मिश्कीलच म्हणावा लागेल. लोगन आणि मॅथ्यू क्रम्प यांनी सराईत टायपिस्टना शब्द टाइप करायला दिले. संगणक गुपचूप त्यांच्या काही चुका दुरुस्त करून दाखवी, तर कधी बरोबर शब्दात स्वतःच चूक घाली. पडद्यावर शब्द बरोबर दिसला की टायपिस्ट श्रेय घेत. चूक दिसली की अनेकदा ती आपलीच मानत. बोटे फसली नाहीत. ती खऱ्या चुकीनंतरच मंदावत, पडद्यावर काहीही दिसो.

यावरून लोगन दोन पातळ्या मांडतात. वरची पातळी कोणता शब्द लिहायचा ते ठरवते आणि पडद्यावर नजर ठेवते. खालची पातळी एकेक कळ दाबते आणि स्पर्शावरून स्वतःला तपासते. वरचीला खालच्या कामाचा तपशील कळत नाही.

ही सहजता येते कुठून? लोगन यांच्या १९८८ च्या सिद्धांतानुसार प्रत्येक सरावाची एक आठवण साठते. आठवणी पुरेशा झाल्या की उत्तर शोधावे लागत नाही, ते आठवते. पाढ्यांचे असेच होते.

मग सवयीची गोष्ट ताब्याबाहेर जाते का? हा समज रूढ आहे, पण तो अर्धवट आहे. लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ मध्ये थांबण्याची क्रिया शर्यतीच्या रूपात मांडली: ‘कर’ आणि ‘थांब’ असे दोन संदेश धावतात, आधी पोहोचेल तो जिंकतो. निरोगी तरुणांमध्ये ‘थांब’ला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. लक्ष आणि अतिचंचलतेची अडचण (एडीएचडी) असलेल्या मुलांच्या अभ्यासातही ही चाचणी वापरली जाते.

टायपिस्टवर हीच चाचणी लोगन यांनी १९८२ मध्येच करून पाहिली होती. इशारा मिळताच ते बहुधा एक-दोन कळांत थांबत. इंग्रजीतल्या ‘द’ या शब्दाचा मात्र अपवाद होता: तो सुरू झाला की बोटे बहुतेकदा पूर्ण करूनच थांबत.