शाईतले लोखंड, गोळीतले लोखंड

आमच्या नेरमध्ये भंगाराच्या हातगाडीवर खिळे, पत्रे, मोडके फाळ दिसले की मला हिराकस आठवतो. लोखंडाचा कीस पातळ गंधकाम्लात टाकला की फसफसतो. हायड्रोजन वायू उडून जातो आणि लोखंड विरघळते. ते पाणी गाळून, आटवून थंड केले की हिरवट खडे धरतात. हाच हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. पोलादाच्या कारखान्यात पत्रे आम्लाने धुतात, त्या टाकाऊ पाण्यातूनही तो काढतात.

आम्लाचे कारखाने अलीकडचे. पदार्थ मात्र जुना. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात तो कासीस या नावाने येतो. कलमकारीचे कारागीर मोडके लोखंड गूळपाण्यात कित्येक दिवस आंबवत. आंबताना तयार होणारे आम्लच लोखंड विरघळवी. अशा लोखंडाची हिरड्यातल्या तुरट द्रव्याशी, टॅनिनशी, गाठ पडली की काळा रंग उमटतो. युरोपातली जुनी शाईही अशीच; तिथे हिरड्याऐवजी मायफळ असे. बाळाच्या घुटीत आपण उगाळतो, तेच.

लोखंड औषधातही गेले. सतराव्या शतकात इंग्लंडचे डॉक्टर टॉमस सिडनहॅम पांढुरक्या पडलेल्या रुग्णांना लोखंडाचा कीस भिजवलेले मद्य देत. १८३२ मध्ये फ्रान्सच्या पिएर ब्लो यांनी हिराकसापासून केलेल्या गोळ्या सुचवल्या. भारतात १९७० पासून गरोदर स्त्रिया आणि बालकांसाठी लोहाच्या गोळ्यांचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. कारणे अनेक आहेत: अपुरा आहार, जंत, पाळीतला रक्तस्राव, आणि डब्यातच राहिलेल्या गोळ्या.

एक कारण मात्र शाईवाल्याला सहज कळले असते. चहातही टॅनिन असते. कापूस वेचायला निघालेली बाई घाईघाईत चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळते, तेव्हा पोटात दौतीतलाच खेळ सुरू होतो. टॅनिन लोह धरून ठेवते आणि अंगाला थोडेच लागते. गोळी आणि चहा यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. लिंबूपाण्याने उलट लोह अधिक लागते. गोळीने शौचास काळे होते, मळमळतेही. घाबरून गोळी बंद करू नये, आशाताईंना विचारावे. बाजारातला हिराकस मात्र कधीही पोटात घेऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)