गोठलेलं भाडं आणि एका घराचा मालक

मंडळी, घरमालक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक माणूस उभा राहतो. एक तारखेला चाळीच्या जिन्यात हजर होणारा, आणि छत गळतंय म्हटलं की ऐकू न येणारा. नाटक-सिनेमांनी तो आपल्याला दिलेला आहे, आणि तसे मालक होतेही. पण आज आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्याच माणसाविषयी. गिरगावात, दादरला, पुण्याच्या पेठांत ज्याचं एकच दुमजली घर होतं. वर स्वतःचं बिऱ्हाड, खाली चार-सहा भाड्याच्या खोल्या. त्या भाड्यावर त्याचं म्हातारपण निघायचं, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोचं. भाडेनियंत्रणाच्या इतिहासात सरकार येतं, भाडेकरू येतो, वीस चाळींचा धनी येतो. हा एका घराचा मालक मधल्या मधे गळून जातो.

मुंबईत भाड्याला पहिला लगाम बसला तो पहिल्या महायुद्धात. गिरण्या जोरात, माणसांचे लोंढे येताहेत, बांधकामाचं सामान मिळत नाही, भाडी भडकली. १९१८ साली कायदा करून सरकारने ती १ जानेवारी १९१६ च्या पातळीला बांधली. तो कायदा पुढे संपला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तोच प्रसंग, पुन्हा तोच उपाय. आणि मग फाळणी, निर्वासित, आधीच तुडुंब भरलेलं शहर, अशा वेळी आला १९४७ चा कायदा, ज्याला आपण सगळे 'बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट' म्हणतो. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं असेल ते तिचं प्रमाण भाडं. नंतर पहिल्यांदा भाड्याने दिली असेल तर तेव्हाचं. त्यापुढे आकडा हलायचा नाही. कायदा तात्पुरता होता. मुदत संपत आली की वाढवायची, पुन्हा वाढवायची, असं करत तो पन्नास वर्षं जगला.

एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. हा कायदा नसता तर गिरणगावातला कामगार आणि गिरगावातला कारकून या शहरात टिकला नसता. आमचा वाद कायदा केला याच्याशी नाही. एका घराचा मालक आणि वीस चाळींचा मालक त्याने एकाच मापाने मोजला, याच्याशी आहे.

आता साधा हिशेब करू. समजा, १९४० साली खोलीचं भाडं बारा रुपये. सहा खोल्या, म्हणजे महिन्याला बहात्तर. त्या काळी यात एक घर चालत असे. १९७० साली? बहात्तर. १९९० साली? बहात्तरच. घरपट्टी वाढली तर ती वाढ भाडेकरूंकडून घेता येई, पण गवंड्याची मजुरी, सिमेंट, कौलं यांना १९४० चा भाव कोण लावणार? जागा नीट राखण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच ठेवली होती. मोठा मालक इमारत विकून मोकळा होई किंवा दुसरीकडून भरून काढी. इथे दोघांच्याही डोक्यावर तेच छत, आणि ते गळतंय.

भाडं असं गोठलं की मालक-भाडेकरू नातं गोठत नाही, ते दुसरीकडून वाहायला लागतं. पहिली वाट पावतीची. पैसे घेतले की पावती द्यायची, न देणं हा गुन्हा, असं कायद्यात होतं. हेतू चांगला. पण भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला भाडेहक्क मिळत असे, त्यामुळे पावतीवर नाव कुणाचं, यावर सगळं अडायला लागलं. मुलाच्या नावाने पावती दिली की त्याला भाडेकरू मानल्यासारखं. म्हणून मालक मेलेल्या माणसाच्याच नावाने पावती फाडत राहायचा, आणि भाडेकरूही ती जपून ट्रंकेत ठेवायचा. बारा रुपयांच्या त्या कागदाची किंमत लाखांत गेली.

दुसरी वाट पाण्याची. पुणेरी वाड्यांतल्या मालकांच्या पाट्यांची आपण खूप चेष्टा करतो: नळ इतक्या वाजता बंद, जिन्यात चपला ठेवू नयेत, रात्री कडी लावावी. आम्हीही केली आहे. पण जरा विचार करा. ज्याला भाडं वाढवता येत नाही, माणूस बदलता येत नाही, त्याच्या हातात मालकीचं उरतं काय? नळाची चावी, जिन्यातला दिवा, दाराची कडी. तिथेही आवश्यक सोयी तोडायला कायद्याने मनाई केलेली होती, आणि ती योग्यच होती. तर तोडता येत नाही म्हटल्यावर पाटी लावायची.

बरं, जागा परत हवी असेल तर? मुलाचं लग्न झालं, खालची खोली पाहिजे. कायद्यात सोय होती: स्वतःसाठी खरी आणि वाजवी गरज सिद्ध करा. मात्र कोर्टाने पाहायचं की जागा गेल्याने भाडेकरूला अधिक त्रास की न मिळाल्याने मालकाला. लघुवाद न्यायालयात सुरू झालेला दावा अपिलांतून जाऊन निकाली निघेपर्यंत त्या मुलाचीच मुलं लग्नाला आलेली असायची. वर आणि खाली राहणारी दोन कुटुंबं, एकमेकांविरुद्ध कोर्टात, आणि गणपतीला एकमेकांकडे प्रसादाला. हे आपल्यातल्या अनेकांनी घरी पाहिलेलं असेल.

आणि तिसरी वाट पागडीची. ती घेणं बेकायदा, आणि भाडेकरूने जागा सोडायला पैसे घेणंही बेकायदा. घेत सगळेच होते. म्हणजे वरून गोठलेला बाजार खालून वाहतच होता, फक्त त्याची पावती नव्हती.

मग भाड्याला पर्याय म्हणून 'लिव्ह अँड लायसन्स' आलं: भाडेकरू नव्हे, परवानगीने राहणारा माणूस. पण १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे चालू करारावर राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. बदलीवर गेलेल्या ज्या नोकरदाराने आपला एकुलता एक ब्लॉक कुणाला वापरायला दिला होता, तो एका दिवसात घरमालक झाला, आणि तोही रेंट अ‍ॅक्टखालचा. 'जागा कुलूप लावून ठेवू, पण भाड्याने देणार नाही' हे वाक्य आपण मोठ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. ती भीती इथून पक्की झाली, असं आमचं मत आहे.

पुढचा भाग थोडक्यात. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत. त्या रद्द मात्र केल्या नाहीत, कारण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती. ती पुन्हा वाढली, हे वेगळं सांगायला नको. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडी कायदेशीर केली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. आमचे बारा रुपये घ्या. चार टक्के चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी होतात बत्तीस.

एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या, बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या या भाडेकरूंना मात्र संरक्षणातून वगळलं. म्हणजे भाडेकरू छोटा की मोठा हे कायद्याने अखेर पाहिलं. मालक छोटा की मोठा, हे तेव्हाही पाहिलं नाही.

आज ज्याच्याकडे एक जास्तीचा फ्लॅट आहे तो एजंटसमोर बसून अकरा महिन्यांचा करार करतो. अकराच का? तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, ती टाळायला अकरा. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असला तरी लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तुरुंगवास किंवा दंड. नोंदणी टाळण्यासाठी धरलेला आकडा आता नोंदणी करून लिहिला जातो. मुदत संपली की जागा सोडण्याची तरतूदही याच कायद्यात आहे, आणि पाच वर्षांच्या कराराला ती तितकीच लागू आहे. हे समजावून सांगितलं तरी मालक म्हणतो, 'नको, अकराच लिहा.'

उपकरप्राप्त इमारती आणि १९६९ चा दुरुस्ती मंडळाचा कायदा हा भाग आज वेळेत बसत नाही. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ.