नाझी बर्लिनमधील परदेशी वार्ताहर

जानेवारी १९३३मध्ये हिटलर जर्मनीचा चान्सलर झाला, तेव्हा बर्लिनमध्ये अमेरिका आणि युरोपातील बड्या वृत्तपत्रांची व वृत्तसंस्थांची कार्यालये होती. मार्चमध्ये गोबेल्सच्या हाताखाली प्रचार मंत्रालय स्थापन झाले. ऑक्टोबरमध्ये संपादकांसंबंधीचा कायदा आला आणि जर्मन पत्रकार सरकारच्या दावणीला बांधले गेले. परदेशी वृत्तपत्रांच्या वार्ताहरांना असे बांधता येत नव्हते. शिवाय आपली बाजू जगात, विशेषतः अमेरिकेत, पोहोचवण्यासाठी राजवटीला त्यांची गरज होती. म्हणून त्यांच्यासाठी निराळी रीत ठरली: सवलती द्यायच्या आणि हद्दपारीची भीती कायम ठेवायची.

ही भीती पोकळ नव्हती. ‘शिकागो डेली न्यूज’चे एडगर मॉवरर यांना नाझींवरील लेखनामुळे १९३३मध्येच देश सोडावा लागला. डोरोथी थॉम्प्सन यांनी १९३१मध्ये हिटलरची मुलाखत घेऊन त्याच्याविषयी तुच्छतेने लिहिले होते. ऑगस्ट १९३४मध्ये त्यांना चोवीस तासांत निघून जाण्याचा हुकूम मिळाला. लंडनच्या ‘टाइम्स’चे नॉर्मन एबट यांची १९३७मध्ये हकालपट्टी झाली. वार्ताहराला फार तर देशाबाहेर काढले जाई. त्याला माहिती देणाऱ्या जर्मन माणसापुढे मात्र तुरुंग किंवा छळछावणी उभी असे. त्यामुळे अनेक बातम्या हाती येऊनही छापता येत नसत. छापल्या, तर त्या कुठून आल्या याचा माग गेस्टापो काढील, ही धास्ती असे.

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झाल्यावर दोन प्रकारचे नियंत्रण आले. वृत्तपत्रांच्या वार्ताहरांना मजकूर आधी दाखवावा लागत नसे. पण टेलिफोनवर पाळत असे आणि छापून आलेल्या मजकुरावरून नंतर जाब विचारला जाई. रेडिओचे तसे नव्हते. प्रत्येक भाषणाची संहिता प्रक्षेपणापूर्वी प्रचार मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय आणि लष्कर या तिघांच्या सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे.

या सेन्सॉरचा तपशीलवार अनुभव विल्यम शायरर यांनी नोंदवला आहे. १९३०–३१मध्ये भारतात येऊन गांधीजींच्या चळवळीच्या बातम्या देणारे शायरर १९३७मध्ये सीबीएस या अमेरिकी रेडिओ कंपनीत गेले. २२ जून १९४० रोजी कोंपिएन्य इथे फ्रान्सने शस्त्रसंधीवर सही केली, ती बातमी त्यांनी जर्मन सरकारच्या घोषणेआधीच अमेरिकेला ऐकवली. पण असे प्रसंग विरळा. ऑगस्टपासून बर्लिनवर ब्रिटिश बॉम्ब पडू लागले, तेव्हा तोफांचा आवाज अमेरिकेपर्यंत जाऊ नये म्हणून त्यांना ओठांना लावून बोलायचा मायक्रोफोन देण्यात आला. पुढे ‘नाझी’ आणि ‘आक्रमण’ हे शब्दही संहितेतून काटले जाऊ लागले. मतिमंद व मनोरुग्णांची सरकारी हत्या चालू असल्याचे त्यांना कळले होते. ते प्रक्षेपणात येणे शक्य नव्हते, म्हणून रोजनिशीत गेले. डिसेंबर १९४०मध्ये जर्मनी सोडताना त्यांनी रोजनिशीची पाने सेन्सॉरचे शिक्के असलेल्या संहितांखाली दडवून बाहेर नेली. १९४१मध्ये ती ‘बर्लिन डायरी’ नावाने प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या बाजूला सवलती होत्या. परदेशी वार्ताहरांना अंगमेहनतीच्या कामगारांइतके जादा रेशन मिळे. प्रचार आणि परराष्ट्र या दोन मंत्रालयांत स्पर्धा असल्याने दोघांचेही स्वतंत्र प्रेस क्लब होते आणि पत्रकार परिषदाही वेगळ्या भरत. जिंकलेल्या भागांत लष्कराच्या देखरेखीखाली दौरे काढले जात. काय पाहायचे ते यजमान ठरवत. ऑक्टोबर १९४१मध्ये हिटलरचे प्रसिद्धिप्रमुख ऑटो डीट्रिश यांनी वार्ताहरांना बोलावून सोव्हिएत संघाचा निकाल लागल्याचे जाहीर केले. दोनच महिन्यांत मॉस्कोपुढे जर्मन सैन्य मागे हटू लागले.

तोवर वार्ताहरांचे दिवसही भरत आले होते. मार्च १९४१मध्ये युनायटेड प्रेसचे रिचर्ड हॉटलेट यांना हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. काही महिन्यांनी कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले. ११ डिसेंबरला जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. असोसिएटेड प्रेसचे लुई लॉकनर आणि इतर अमेरिकी वार्ताहरांना मुत्सद्द्यांबरोबर बाड नाउहाइम इथल्या हॉटेलात स्थानबद्ध करण्यात आले. मे १९४२मध्ये त्यांची सुटका झाली.

या वार्ताहरांच्या त्या वेळच्या बातम्या आज वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. डोळ्यांनी पाहिलेले त्यांत पुष्कळ आहे, आणि त्याचे मोल मोठे आहे. पण राजवटीने काय दडवले, हे त्यांतून कळत नाही. ते समजण्यासाठी वार्ताहरांनी देश सोडल्यावर लिहिलेली पुस्तके आणि युद्धानंतर हाती लागलेली जर्मन सरकारी कागदपत्रे, दोन्ही वाचावी लागतात. शायरर यांनीही १९६०मध्ये नाझी राजवटीचा इतिहास लिहिताना रोजनिशीला त्या कागदपत्रांची जोड दिली.