फुकटच्या तिकिटाची उलटी उधारी: अमेरिकन विरुद्ध युनायटेड

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

परवा माझ्या मावसभावाचा फोन आला. हिंजवडीत आयटीत आहे, क्लायंटकडे सारखी ये-जा असते. म्हणाला, "अगं ताई, मागच्या वर्षी माझ्या माइल्समध्ये आई-बाबांची गुवाहाटीची दोन तिकिटं बसत होती. आज ॲप उघडून बघतोय तर एकच बसतंय. माइल्स तेवढेच आहेत, एकही कमी नाही. चोरी झाली का?"

चोरी नाही झाली. माइल्स आहेत तिथेच आहेत, फक्त एका तिकिटाला किती माइल्स लागतात हा आकडा वाढला. आणि तो वाढवताना कंपनीला त्याला विचारावं लागलं नाही. एवढा अधिकार कंपन्यांकडे आला कसा, ही आजची गोष्ट. त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावं लागेल. विमान कंपन्यांचा हा खेळ सुरू तिथेच झाला, आणि त्यातल्या मोठ्या कोर्टकचेऱ्याही तिथेच झाल्या.

1978 पर्यंत अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं तिकीट कितीला विकायचं, हे विमान कंपनीच्या हातात नव्हतं. सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड नावाचं सरकारी मंडळ भाडं ठरवायचं, कुणी कुठल्या मार्गावर उडायचं तेही ठरवायचं. आपल्या एसटीच्या भाड्यासारखं समजा. आता भाडं सगळीकडे सारखंच, मग गिऱ्हाईक ओढायचं कसं? जेवणाने, थाटामाटाने. अमेरिकन एअरलाइन्सने तर 1970 च्या दशकात आपल्या जंबो जेटमध्ये चक्क पियानो ठेवला होता. हो, वाजवायचा पियानो.

24 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि हे सगळं मोडलं. हा विमानसेवा नियंत्रणमुक्तीचा कायदा लक्षात ठेवा, पुढे तो दोनदा परत येणार आहे. भाडं मोकळं झालं, मार्ग मोकळे झाले. कमी खर्चात उडणाऱ्या नव्या कंपन्या आल्या. जुन्या मोठ्या कंपन्यांची पंचाईत झाली. सीट सगळीकडे सारखीच, आकाशही तेच, मग लोक आपल्यालाच का निवडतील?

पहिलं उत्तर त्यांनी शोधलं नाही बरं का. टेक्सास इंटरनॅशनल नावाच्या लहान कंपनीने 1979 मध्येच अंतर मोजून बक्षीस देऊन पाहिलं होतं. 1980 मध्ये वेस्टर्न एअरलाइन्सने 'ट्रॅव्हल बँक' काढली. पण ज्याला आपण आज फ्रीक्वेंट फ्लायर म्हणतो तो प्रकार मोठा केला अमेरिकनने. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते रॉबर्ट क्रँडल, आकड्यांचा कीडा माणूस. त्यांच्याकडे एक हत्यार होतं: सेबर, आयबीएमबरोबर उभारलेली कॉम्प्युटरवरची बुकिंग यंत्रणा.

आता गंमत ऐका. आपल्याकडे सारखं कोण येतं हेच कंपनीला नीट माहीत नव्हतं. तिकिटावर नाव असायचं, पण एका नावाची माणसं अनेक. मग त्यांनी काय केलं, सेबरमध्ये परत परत येणारे फोन नंबर शोधले. एकच नंबर वर्षात दहा-वीस वेळा दिसला की तो आपला माणूस. अशी साधारण 1,30,000 माणसं सापडली. त्यांच्या विमानतळावरच्या ॲडमिरल्स क्लबचे 60,000 सभासद त्यात मिळवले, आणि 1 मे 1981 ला 'ॲडव्हांटेज' सुरू झालं. आपला फोन नंबर म्हणजे आपली कुंडली, हे आज ॲपच्या जमान्यात आपल्याला कळतं. त्यांना ते तेव्हाच कळलं होतं.

आठवडाही झाला नसेल, तोच युनायटेडने 'माइलेज प्लस' काढलं. त्याच वर्षी डेल्टा आली, टीडब्ल्यूए आली.

इथे जरा थांबूया. समोरासमोर दोन चहाच्या टपऱ्या आहेत. एकाने पाटी लावली, दहा चहांवर एक फुकट. दुसऱ्या दिवशी समोरच्यानेही तीच पाटी लावली. नवीन गिऱ्हाईक कुणालाच मिळालं नाही, फुकटचा चहा मात्र दोघांच्या मानगुटीवर बसला. मग ही योजना वर्षभरात बंद कशी नाही पडली?

कारण विमानाची सीट म्हणजे चहा नाही. ती मंडईतल्या संध्याकाळच्या कोथिंबिरीसारखी. विमान उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. जी विकली जाणारच नव्हती ती बक्षीस म्हणून दिली, तर कंपनीचं जातं काय? थोडं इंधन आणि जेवणाचा ट्रे.

आणि दुसरं कारण, जे मला सगळ्यात चलाख वाटतं. सतत उडणारी माणसं कोण? कामासाठी फिरणारी. तिकिटाचे पैसे कोण देतं? ऑफिस. माइल्स कुणाच्या खात्यात जातात? माणसाच्या. म्हणजे ऑफिसने शंभर डॉलर जास्त मोजले तरी चालतील, पण मी माझ्याच कंपनीच्या विमानाने जाणार, कारण उन्हाळ्यात बायको-पोरांना हवाईला न्यायचंय. खर्च एकाचा, बक्षीस दुसऱ्याला. याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी बोलत नाही. जर्मनीत 2002 मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता. सरकारी दौऱ्यांवर मिळालेले लुफ्थान्साचे माइल्स खासगी प्रवासाला वापरले म्हणून बर्लिनचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी राजीनामा दिला.

आणि हवाईचं नाव मी उगाच घेतलं नाही. बक्षीस द्यायचं तर लोकांना जिथे जावंसं वाटतं तिथे तुमचं विमान जायला हवं. दोन-चार शहरांमध्येच उडणारी छोटी कंपनी स्वस्त तिकीट देऊ शकते, पण ते स्वप्न कुठून देणार? म्हणजे अमेरिकन आणि युनायटेड एकमेकांशी लढत होत्या हे खरं, पण मार बसत होता तो तिसऱ्यालाच. या दोन योजनांची तुलना करायला बसलात की हे लक्षात येतं: नियम जवळपास तेच, बक्षिसं जवळपास तीच. फरक एवढाच की तुमच्या गावच्या विमानतळावर कुणाची विमानं जास्त. शिकागोत दोघांचेही मोठे अड्डे, म्हणून तिथल्या माणसाला निवड तरी होती. डॅलसच्या माणसाने अमेरिकनच्या योजनेत जायचं, यात त्याने वेगळं ठरवायचं असं काय होतं?

एकाने केलं की दुसऱ्याने करायचं, या खोडीचा कळस झाला 1988 मध्ये. डेल्टाने तिप्पट माइल्स जाहीर केले, बाकीच्यांनी लगेच री ओढली. माइल्सचा नुसता पाऊस. इथे किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यांसमोर आणा, पण उलटी. दुकानदार तुमचं देणं लागतो. प्रत्येक माइल म्हणजे कंपनीने दिलेलं वचन, आणि वही फुगत चालली.

मग कंपनीने काय केलं? त्याच 1988 च्या मे महिन्यात अमेरिकनने नियम बदलले. बक्षिसाच्या सीटवर मर्यादा आणि गर्दीच्या काही तारखा बंद. नव्या माइल्सना हे लावलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण लोकांनी आधी कमावलेल्या माइल्सनाही ते लागू होणार होतं. सभासद इलिनॉयच्या कोर्टात गेले. केस सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचली आणि 1995 मध्ये निकाल आला, अर्धा इकडे अर्धा तिकडे. करार मोडला असं म्हणायचं असेल तर दावा लावा. पण ग्राहकांची फसवणूक म्हणून राज्याच्या कायद्याखाली दाद मागता येणार नाही. का? तर 1978 चा तो कायदा! विमान कंपन्यांच्या भाड्यात आणि सेवेत राज्यांनी ढवळाढवळ करू नये, असं त्यात लिहिलंय.

आणि करारात काय लिहिलेलं असतं? आम्ही नियम केव्हाही बदलू शकतो. तुम्ही 'आय ॲग्री' दाबताना वाचलं होतं का? मीही नाही.

दुसरी केस तर अजून भारी. मिनेसोटातले एक ज्यू धर्मगुरू, रब्बी, नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने वर्षाला साधारण 75,000 माइल्स उडायचे. 2008 मध्ये कंपनीने त्यांना योजनेतून काढून टाकलं. कारण काय, तर ते तक्रारी फार करतात. ते म्हणाले, तुम्ही सद्भावनेने वागायला हवं होतं. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, हा दावा चालणार नाही. पुन्हा तोच 1978 चा कायदा. ज्या कायद्याने कंपन्यांना ग्राहकासाठी झगडायला लावलं, त्याच कायद्याची ढाल त्यांना ग्राहकाविरुद्ध मिळाली.

आता बँकांकडे वळू, कारण खरा पैसा तिथे आहे. 1987 मध्ये अमेरिकनने सिटीबँकेबरोबर कार्ड काढलं. कार्डाने भाजी घ्या, पेट्रोल भरा, माइल्स मिळतील. हे माइल्स बँक आधी विमान कंपनीकडून रोख पैसे मोजून विकत घेते. म्हणजे जी गोष्ट कंपनी बक्षीस म्हणून वाटत होती, ती आता तिचा माल झाली. विमान उडवायचीही गरज नाही.

मग लोकही हुशार झाले. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरच्या लक्षात आलं की एका कंपनीच्या खाद्यपदार्थांच्या बारकोडवर माइल्स मिळताहेत, आणि तिचं सगळ्यात स्वस्त पुडिंग आहे 25 सेंटला एक. पठ्ठ्याने 12,000 च्या वर पुडिंगचे कप उचलले. एवढी लेबलं सोलणार कोण? त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान केलं, आणि त्या बदल्यात तिथल्या स्वयंसेवकांनी लेबलं काढून दिली. खर्च साधारण 3,000 डॉलर, कमाई 12 लाखांहून जास्त माइल्स, त्यातले बरेचसे अमेरिकनच्या ॲडव्हांटेजमध्ये. हा किस्सा मला फार आवडतो. वहीवर दुकानदाराला मात देणारी माणसं कमीच.

2005 मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'ने एक हिशोब मांडला: जगभरात न वापरलेल्या माइल्सची किंमत चलनातल्या सगळ्या डॉलरच्या नोटांपेक्षा जास्त भरेल. हिशोबाच्या पद्धतीवर वाद घालता येईल, पण मुद्दा पोहोचला. हे एक चलनच झालं होतं. फक्त इथे नोटा छापणारा आणि नोटेची किंमत ठरवणारा एकच, आणि त्याच्यावर रिझर्व्ह बँक नाही.

2015 मध्ये डेल्टाने ठरवलं, आता किती लांब उडलात ते नाही, किती पैसे मोजलेत ते बघणार. दोन महिन्यांत युनायटेडने तेच केलं, 2016 मध्ये अमेरिकनने. म्हणजे नाव माइल्स आणि मोजमाप डॉलरचं. तीच जुनी खोडी, पण 1981 ला नक्कल ग्राहकाच्या फायद्याची होती. आता उलटी.

आणि मग कोरोना. 2020, विमानं जमिनीवर. युनायटेडला कर्ज हवं होतं. तारण काय ठेवायचं? माइलेज प्लस! कंपनीने या योजनेची किंमत सांगितली सुमारे 21.9 अब्ज डॉलर, आणि शेअर बाजारात अख्ख्या युनायटेडची किंमत तेव्हा त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. त्यावर 6.8 अब्ज डॉलर उभे राहिले. अमेरिकनने 2021 मध्ये ॲडव्हांटेज तारण ठेवून 10 अब्ज उचलले. चाळीस वर्षांपूर्वी फोन नंबर शोधून केलेली यादी आता विमानांपेक्षा महाग झाली होती.

आपल्याकडेही हे घडलंय. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली तेव्हा किंग क्लबचे माइल्स कंपनीबरोबरच बुडाले. पण जेट एअरवेजचं बघा. जेटप्रिव्हिलेज आधीच वेगळी कंपनी केली होती आणि तिचा 50.1 टक्के हिस्सा एतिहादने 15 कोटी डॉलरला घेतला होता. 17 एप्रिल 2019 ला रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला यायला निघालं. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, अनेकांचे पगार अडकले. माइल्स मात्र जिवंत राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचं नाव बदलून 'इंटरमाइल्स' झालं. विमान नव्हतं, पायलट नव्हता, माइल्स होते.

सध्या आपल्या आकाशात मुख्य लढत दोघांचीच आहे. विस्तारा 2024 च्या नोव्हेंबरमध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि त्यांच्या योजनेचं आता 'महाराजा क्लब' झालंय. वर्षानुवर्षं स्वस्त आणि वेळेवर एवढ्यावरच चालणाऱ्या इंडिगोनेही 2024 मध्येच 'ब्लूचिप' काढलं. दोघांचीही कार्डं बँकांबरोबर.

भावाला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "ताई, इतिहास नंतर. आत्ता काय करू?" मी म्हटलं, बसतंय तेवढं तिकीट आजच काढ. त्याने मावशीचं माइल्सवर काढलं, काकांचं पैसे भरून. आता काका म्हणतायत, माझंच का विकत?

चला, भेटू पुढच्या भागात.