चांद, चंद्रकोर आणि हिलाल : घरात सर्वांना माहीत असावेत असे आकाशाचे शब्द

रमजानची २९ तारीख. मगरीबची अजान झाली, खजूर तोंडात गेला आणि नेरूळमधली पोरं पाम बीच रोडच्या बाजूला खाडीकडे बघत उभी. पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी, वर लालसर आकाश. चांद काही दिसत नाही. मग घरात तोच दरवर्षीचा वाद: "कॅलेंडरवर ईद उद्या छापलीय, मग उद्या का नाही?" "सौदीत तर आज झाली!" यात गावी जायचं तिकीट अडकतं, ऑफिसची सुट्टी अडकते.

वाद वाढतो कारण शब्द दोन ठिकाणांहून येतात. शाळेच्या पुस्तकात अमावस्या, शुक्ल पक्ष, चंद्रकला. घरात आणि मदरशात चांद, हिलाल, रुयत. चंद्र मात्र एकच आहे. म्हणून हे शब्द शेजारी शेजारी ठेवून समजून घेऊ.

अमावस्या
चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्याचा उजेड त्याच्या अर्ध्या भागावर कायम पडलेला असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, त्यावर त्याचा आकार ठरतो. चंद्र आणि सूर्य आकाशात एकाच दिशेला आले की उजेडाची बाजू आपल्याला दिसतच नाही. ही अमावस्या. तिचा क्षण गणिताने मिनिटापर्यंत सांगता येतो. पण इस्लामी महिना या क्षणाला सुरू होत नाही.

हिलाल (चंद्रकोर)
अमावस्येनंतर मगरीबच्या वेळी पश्चिमेला पहिल्यांदा डोळ्यांना दिसणारी बारीक कोर म्हणजे हिलाल. ती दिसणं म्हणजे रुयत. नवा महिना इथून सुरू, आणि हिजरी दिवसही मगरीबलाच बदलतो. म्हणून 'चांद रात' आधी आणि ईद नंतर. मुलांना एक सांगा: सहरीच्या वेळी पूर्वेला दिसणारी कोर ही जुन्या महिन्याची, हिलाल नव्हे. आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये हिलाल चित्रातल्यासारखा उभा नसतो, होडीसारखा आडवा दिसतो.

तिथी
चंद्राला सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला लागणारा वेळ म्हणजे एक तिथी. पहिले १२ अंश प्रतिपदा, पुढचे १२ द्वितीया. कोर फार जवळ असेल तर ती सूर्याच्या उजेडातच बुडते आणि लवकर मावळते.

दोन वर्षांचं उदाहरण बघा. ८ एप्रिल २०२४ ला रात्री पावणेबाराच्या सुमारास अमावस्या संपली. ९ एप्रिलला, म्हणजे गुढीपाडव्याला, मगरीबच्या वेळी चंद्र जेमतेम १९ तासांचा होता आणि प्रतिपदाच चालू होती. मुंबईत चांद दिसला नाही, ३० रोजे झाले आणि ११ एप्रिलला ईद. पुढच्या वर्षी २९ मार्च २०२५ ला दुपारी साडेचारच्या सुमारास अमावस्या संपली. ३० मार्चला, पुन्हा गुढीपाडव्यालाच, मगरीबपर्यंत चंद्र २६ तासांचा झाला होता आणि द्वितीया लागून गेली होती. चांद दिसला, २९ रोजे झाले आणि ३१ मार्चला ईद.

म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मगरीबच्या आधी द्वितीया लागलेली दिसली, तर आशा चांगली. हा फक्त अंदाज. ढग, धूळ, शहराचा उजेड यांचा भरवसा नाही. निर्णय शहादत घेऊन हिलाल कमिटी आणि उलमाच देतात.

सौदीत आधी का?
मक्केत सूर्य आपल्यापेक्षा साधारण सव्वादोन तास उशिरा मावळतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी एक अंशाहून जास्त सरकतो. शिवाय तिथला निर्णय तिथल्या यंत्रणेचा असतो. त्यामुळे एका दिवसाचा फरक पडला म्हणून कोणाचा रोजा चुकला असं होत नाही.

पौर्णिमा (बद्र)
पूर्ण चंद्र. ज्या १३, १४, १५ तारखांना नफिल रोजे ठेवतात, त्या अय्यामे बीज याच उजळ रात्रींच्या आसपासच्या.

चांद्रमास आणि अधिक मास
एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस. म्हणून महिना २९ किंवा ३० चा. २८ किंवा ३१ चा कधीच नाही. बारा महिने म्हणजे ३५४ किंवा ३५५ दिवस. सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी.

महाराष्ट्रातला मराठी महिनाही अमावस्येनंतरच सुरू होतो. त्यामुळे मराठी आणि हिजरी महिने एक-दोन दिवसांच्या फरकाने बरोबर चालतात. २०२३ मध्ये १२ रबीउल अव्वल आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आले आणि मुंबईत मिलादचा जुलूस २९ ला काढला गेला, तो याच कारणाने. पण ऋतूंशी मेळ राखायला पंचांगात साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक मास घालतात. हिजरी वर्षात तो नाही. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून मिलाद ऑगस्टच्या अखेरीस आणि विसर्जन २५ सप्टेंबरला.

ऋतू (मौसम)
पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे, त्यामुळे ऋतू होतात. सूर्य जवळ-लांब गेल्याने नाही. नेरूळला जूनमध्ये सर्वात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमध्ये सर्वात लहान सुमारे अकरा तासांचा. रमजान ११-११ दिवस मागे सरकत सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरतो. आज ज्या मुलांनी एप्रिलच्या उकाड्यात रोजे ठेवले, ती पुढे थंडीतले छोटे रोजेही ठेवतील. २०३० मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील.

सूर्यमाला (निजामे शम्सी)
सूर्य म्हणजे शम्स किंवा आफताब, चंद्र म्हणजे कमर. ग्रहांची नावं: बुध – उतारिद, शुक्र – जोहरा, पृथ्वी – जमीन, मंगळ – मिर्रीख, गुरू – मुश्तरी, शनी – जुहल. युरेनस आणि नेपच्यून दुर्बिणीनंतर सापडले, त्यामुळे त्यांना जुनी नावं नाहीत. चांद शोधताना पश्चिमेला एखादा फार तेजस्वी ठिपका दिसला, तर तो बहुतेक वेळा शुक्र असतो. घाईने "दिसला!" म्हणू नका.

पुढच्या २९ तारखेला मुलांना घेऊन खाडीकडे जा. सूर्य मावळला ती जागा लक्षात ठेवा आणि तिच्या थोडं वर, जरा आजूबाजूला बघा. दिसला तर दुआ पढा आणि शहादत द्या. नाही दिसला तर ३० पूर्ण करा. फोनवर फिरणारा मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा हे बरं.