कॉफीच्या पैशांवर चाललेले दालन

२००६ च्या फेब्रुवारीत सदबीज या लिलावगृहाने न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड स्टायकेन यांचे १९०४ मधले 'द पाँड – मूनलाइट' हे छायाचित्र २९ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले. विकणारे होते तिथलेच मेट्रोपॉलिटन संग्रहालय. त्याच्याकडे या छायाचित्राच्या दोन प्रती झाल्या होत्या, म्हणून त्याने त्यांतली एक बाजारात काढली. 'जास्तीची प्रत' हा शब्दप्रयोग आपण ग्रंथालयाच्या संदर्भात सहज करतो. पण जास्तीच्या प्रतीला कोट्यवधींचे मोल येते, तेव्हा प्रत म्हणजे काय, हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो. संग्रहालयाने स्वतःकडे ठेवलेली प्रत त्याला १९३३ साली फुकट मिळालेली होती. या दोन प्रतींमधले अंतर म्हणजेच छायाचित्रविक्रीचा इतिहास.

ती प्रत देणारे होते आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. स्टायकेन यांच्या साहाय्याने त्यांनी १९०५ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर २९१ क्रमांकाच्या इमारतीत एक लहानसे दालन उघडले. छायाचित्र ही कला आहे हे सिद्ध करणे, हा त्यामागचा हेतू. पण पुढे त्याच भिंतींवर रोदँ, मातीस, पिकासो आले आणि दालनाची कीर्ती झाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. सोबत निघणारे 'कॅमेरा वर्क' हे देखणे नियतकालिक १९१७ साली बंद पडले, तेव्हा वर्गणीदार चाळीसही उरले नव्हते. आपल्याकडच्या लघुअनियतकालिकांचा इतिहास शिकवणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल.

प्रतिष्ठा मात्र मिळाली, आणि तिच्यात एका व्यक्तीचा वाटा होता हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही. आनंद कुमारस्वामी तेव्हा बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात भारतीय कलेचे अभिरक्षक होते. त्यांच्या पुढाकाराने १९२४ साली स्टिग्लिट्झ यांची २७ छायाचित्रे त्या संग्रहालयात दाखल झाली. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या संग्रहालयाने छायाचित्रांना कलाकृती म्हणून स्वीकारण्याच्या अगदी आरंभीच्या घटनांपैकी ही एक. भारतीय शिल्पाची आध्यात्मिक भूमिका मांडणाऱ्या या पंडिताला यंत्राने काढलेल्या चित्रांत कला दिसावी, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की ती छायाचित्रेही भेट होती. संग्रहालयाने मान दिला, दाम दिला नाही.

दाम मिळवण्याचा प्रयत्न ज्युलियन लेव्ही यांनी केला. नोव्हेंबर १९३१ मध्ये, ऐन मंदीत, त्यांनी मॅडिसन ॲव्हेन्यूवर गॅलरी उघडली ती अमेरिकन छायाचित्रांच्या प्रदर्शनाने. गिऱ्हाईक फिरकेना. छायाचित्रे लावलेल्या दिव्याच्या शेड आणि कचऱ्याच्या टोपल्या करून विकण्यापर्यंत त्यांची मजल गेली. काही महिन्यांतच गॅलरी अतिवास्तववादी चित्रांकडे वळली आणि त्यांवरच तगली. १९३३ साली कार्तिए-ब्रेसाँ यांचे प्रदर्शन याच गॅलरीत झाले, पण या नावावर गॅलरीचे भाडे निघण्याचे दिवस अजून फार दूर होते.

हा सगळा अनुभव समोर असताना हेलन गी या बाईंनी १९५४ साली जे केले, ते मला या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. त्या रंगीत पारदर्शिका हाताने दुरुस्त करण्याचे, डोळ्यांचा कस पाहणारे काम करून एकटीने मुलीला वाढवत होत्या. लिझेट मॉडेल यांच्याकडे छायाचित्रण शिकताना गॅलरीची कल्पना मनात रुजली. केवळ छायाचित्रे विकून दालन चालणार नाही, हे त्यांनी आधीच मान्य केले. म्हणून ग्रेनिच व्हिलेजमध्ये शेरिडन चौकाजवळ त्यांनी 'लाइमलाइट' नावाचे कॉफीघर काढले आणि त्यातच छायाचित्रांचे दालन केले. भाडे कॉफीने भरायचे, भिंती छायाचित्रांना द्यायच्या. मुंबईत जहांगीर कलादालनात 'समोवार' हे उपाहारगृह होते (१९६४ ते २०१५). तिथे कलेच्या आश्रयाला चहा होता, इथे कॉफीच्या आश्रयाला कला.

सात वर्षांत तिथे साठच्या आसपास प्रदर्शने झाली. एडवर्ड वेस्टन, बेरेनिस ॲबट, मायनर व्हाइट ही आज संग्रहालयांत काचेआड गेलेली नावे कॉफी पिणाऱ्यांच्या डोक्यावर टांगलेली असत. किमती काही दहा डॉलरांच्या घरात असत, तरीही विक्री तुरळकच. याच काळात, १९५५ साली, त्याच स्टायकेन यांनी आधुनिक कला संग्रहालयात भरवलेल्या 'द फॅमिली ऑफ मॅन' प्रदर्शनाला लोटलेली गर्दी आठवावी. छायाचित्र पाहायला माणसे रांगा लावत होती. ते विकत घेऊन घरच्या भिंतीवर लावावे, असे मात्र कुणाला वाटत नव्हते. पाहणे आणि जवळ बाळगणे यांतली ही दरी सौंदर्यशास्त्राने कधी गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. १९६१ साली 'लाइमलाइट' बंद झाले.

मग बदलले काय? १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये ली विटकिन यांची गॅलरी निघाली आणि छायाचित्रे विकून ती टिकली. १९७१ साली लंडनमध्ये स्यू डेव्हिस यांनी 'फोटोग्राफर्स गॅलरी' सुरू केली, तीही एका जुन्या चहागृहाच्या जागेत. पण निर्णायक बदल प्रतीच्या संकल्पनेत झाला. ॲन्सेल ॲडम्स यांनी 'मूनराइज, हर्नांडेझ' या १९४१ च्या छायाचित्राच्या आयुष्यभरात हजारावर प्रती काढल्या. १९७५ च्या अखेरीनंतर प्रतींसाठी नवी मागणी घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि त्यानंतर प्रतींचे भाव चढत गेले. छायाचित्र काढले त्याच सुमारास छायाचित्रकाराने स्वतः केलेली जुनी प्रत वेगळी, उशिरा काढलेली वेगळी, क्रमांक घातलेली मर्यादित आवृत्ती वेगळी, ही उतरंड बाजारात रूढ झाली. वेस्टन यांचे चिरंजीव ब्रेट यांनी तर १९९१ साली आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी बहुतेक निगेटिव्ह नष्ट केल्या.

वाल्टर बेन्यामिन यांचा यांत्रिक पुनरुत्पादनावरचा १९३६ चा निबंध आपण वर्गात शिकवतो. प्रती वाढल्या की कलाकृतीभोवतीचे वलय विरते, हे त्यातले सूत्र विद्यार्थ्यांना पटकन पटते. बाजाराने हे सूत्र उलटे वाचले, असे म्हणावेसे वाटते. वलय हवे तर प्रती रोखा, आणि गरज पडली तर मूळच जाळा. कादंबरीची पंचवीसावी आवृत्ती निघाली म्हणून तिचे वाङ्मयीन मोल घटल्याचे कुणी म्हणत नाही. छायाचित्राला मात्र किंमत मिळाली ती आपला जन्मजात गुण, म्हणजे अनेक होण्याची क्षमता, गहाण टाकूनच. हेलन गी यांच्या कॉफीघरात ही अट नव्हती, आणि तिथे विक्रीही नव्हती.

गी यांनी १९८० साली पन्नासच्या दशकातल्या छायाचित्रणावरचे प्रदर्शन ॲरिझोनातील एका संस्थेसाठी सिद्ध केले. 'लाइमलाइट'च्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९९७ साली आले. त्यानंतर दोन वर्षांनी विटकिन गॅलरीही बंद झाली.